जर्मन वाचता येतं, पण कळत नाही: वाचन शिकवायचं कसं?

तगर

पुण्यात गेली अकरा वर्षं मी जर्मन शिकवते आहे. सध्या बी-वनची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या परीक्षेची, शनिवार-रविवारची बॅच चालू आहे. त्यात इंजिनिअरिंगची मुलं आहेत, तीन नर्सेस आहेत, एक इलेक्ट्रिशियन आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यानंतर आयटीआय झालेली मुलंही चौकशीला येऊ लागली. त्यांच्यासाठी ही परीक्षा म्हणजे छंद नाही, घरचं कर्ज आणि दोन वर्षांची मेहनत तिच्यावर लागलेली असते. म्हणून हा विषय मनापासून मांडते आहे.

सगळ्यांना भीती वाटते ती श्प्रेखनची, म्हणजे बोलण्याची. पण माझे विद्यार्थी अडकतात ते लेझनमध्ये, म्हणजे वाचनात. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन परीक्षेला वाचनाचे पाच भाग, तीस प्रश्न आणि ६५ मिनिटं असतात. शंभरपैकी साठ गुण हवेत. व्याकरणात हुशार असलेली मुलंही तिसऱ्या भागापाशी घड्याळ बघून घाबरी होतात, कारण पहिल्या दोन भागांतला एकेक शब्द मनातल्या मनात मराठीत (किंवा इंग्रजीत) करत बसलेली असतात.

दोन महिन्यांपूर्वी मी एक गोष्ट करून पाहिली. आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी लावलेली पाणीकपातीची नोटीस फोटो काढून वर्गात नेली. चांगली पानभर होती. विचारलं, "तुम्ही बी विंगमध्ये राहता. शनिवारी सकाळी अंघोळीला पाणी आहे का?" वीस सेकंदांत उत्तर आलं. मग विचारलं, नोटिशीत टाकीच्या सफाईचा ठेका कोणाला दिलाय? कोणालाच सांगता येईना. "मॅडम, ते कशाला वाचायचं?" असं इलेक्ट्रिशियन मुलगा म्हणाला. मी म्हटलं, बरोबर बोललास, हेच मला हवं होतं.

त्यानंतर लगेच जर्मन इमारतीची 'हाउसऑर्डनुंग' दिली, म्हणजे भाडेकरूंसाठीची नियमावली. परीक्षेच्या पाचव्या भागात येते तशी. प्रश्न एकच: रात्री अकराला वॉशिंग मशीन लावता येईल का? त्याच मुलांना नऊ मिनिटं लागली. सगळ्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सायकली कुठे ठेवायच्या, कचरा कसा वेगळा करायचा, सगळं भाषांतरित झालं. 'रुअत्साइट', म्हणजे शांततेची वेळ, हे शीर्षक मधोमध ठळक अक्षरांत होतं. त्यावर नजर थांबलीच नाही.

म्हणजे वाचायचं कसं हे या मुलांना येतं. रोज मराठीत ती उत्तम वाचतात: चाळतात, गाळतात, हवं ते हुडकतात, आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधतात. जर्मन कागद समोर आला की हा मराठी वाचक वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर राहतो. त्याला आत आणणं हे माझं काम, असं मला आता वाटतं.

जर्मन शिक्षकांच्या पुस्तकांत तीन तऱ्हेची वाचनं असतात: ग्लोबाल (एकूण विषय काय), सेलेक्टिव्ह (हवी ती माहिती हुडकणं) आणि डिटेल (शब्द न् शब्द). आम्ही ही नावं शिकवतो, मुलं ती पाठ करतात, पण वाचताना मात्र कायम तिसरीच. नावं सांगून काही होत नाही. म्हणून मी सध्या वाचता वाचता मोठ्याने विचार करून दाखवते, आणि तोही मराठीत. नमुना देते. मथळा होता, शहरी लोक मधमाशा पाळू लागलेत अशा अर्थाचा:

"'श्टेटर'... हा शब्द मला माहीत नाही. पण 'श्टाट' म्हणजे शहर, त्याला 'एर' लागलाय, म्हणजे शहरातला माणूस असणार. 'हाल्टन' म्हणजे धरणे. मधमाशा धरतात? छे. पाळत असतील. शहरात कुठे पाळणार? गच्चीवर. म्हणजे पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारी येतील... दुसरा परिच्छेद 'आलरडिंग्स'ने सुरू झालाय. आलरडिंग्स म्हणजे 'मात्र'. आल्या तक्रारी! नाही, थांबा, तक्रार शेजाऱ्यांची नाहीये, रानातल्या मधमाशांना खाणं उरत नाही असं कोणी तज्ज्ञ म्हणतोय. माझा अंदाज चुकला, दुरुस्त करते."

अंदाज चुकणं आणि तो दुरुस्त करणं हे मुलांना दिसायला हवं. नाही तर त्यांना वाटतं मॅडमना सगळं आधीपासून कळतं.

तुम्ही कोणती परकी भाषा शिकवत असाल किंवा शिकला असाल, तर वाचनाचं काय केलंत ते सांगा. इंग्रजीही चालेल, आपल्या खेड्यांत तीही परकीच आहे.

---

कृष्णाकाठ

तगरताई, धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी नर्स आहे, सांगली जिल्ह्यातली. बी-वन दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, आता बी-टू, म्हणजे पुढची पातळी, चालू आहे. पहिल्या वेळी तीन मॉड्यूल, म्हणजे परीक्षेतले स्वतंत्र पेपर, निघाले आणि लेझन राहिलं. एकच मॉड्यूल पुन्हा देता येतं म्हणून निभावलं, तरी फी, पुण्याचा प्रवास आणि ड्युटीची अदलाबदल हे सगळं पुन्हा करावं लागलं.

ज्या क्लासला मी होते तिथे वाचन शिकवलंच नाही. पेपर सोडवून घेतले, उत्तरं सांगितली, पुढचा पेपर. एकच मंत्र होता: प्रश्नातला महत्त्वाचा शब्द अधोरेखित करा आणि तो मजकुरात शोधा. मी तेच केलं आणि त्यानेच माझा घात झाला. पहिल्या भागात वाक्य होतं की बाई बसने कामाला जाते, बरोबर की चूक. मजकुरात 'बुस' दिसलं, 'आर्बाइट' दिसलं, मी 'रिष्टिश', म्हणजे 'बरोबर', केलं. निकालानंतर दुसऱ्या एका मॅडमबरोबर तसाच पेपर पुन्हा वाचला तेव्हा कळलं, 'फ्र्युअर' म्हणजे 'पूर्वी' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच होता. पूर्वी ती बसने जायची, घर बदलल्यापासून चालत जाते. तो शब्द मला येत होता, तरी मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

---

तगर

कृष्णाकाठ, तुझा हा अनुभव मी वर्गात सांगू का? नाव न घेता.

शब्द जुळवण्याचा हा सापळा पेपर काढणारे मुद्दाम लावतात. मजकुरातला शब्द जसाच्या तसा ज्या पर्यायात दिसतो, त्याच्याकडे मी संशयाने बघायला शिकवते. बरोबर पर्याय बहुधा वेगळ्या शब्दांत येतो. मजकुरात 'परवडत नाही' असेल तर पर्यायात 'महाग आहे' असेल.

म्हणून माझ्याकडे आता अधोरेखन दोन रंगांत होतं. निळ्याने विषयाचे शब्द, लालने छोटे शब्द: पूर्वी, मात्र, तरीही, जेमतेम, फक्त, अजून, आधीच. पहिल्या महिन्यात लाल पेन कोणी उचलतच नाही. त्यातला 'फास्ट' तर खास लक्षात ठेवण्याजोगा, त्याचा इंग्रजी फास्टशी संबंध नाही. 'फास्ट आले गेशेफ्टं' म्हणजे जवळजवळ सगळी दुकानं. जवळजवळ सगळी म्हणजे सगळी नाहीत, आणि प्रश्न नेमका त्यावरच असतो.

---

आकडेमोड

वाचतोय आणि पटतंय, पण एक वेगळी बाजू मांडतो. मी शिक्षक नाही, विद्यार्थी आहे, आणि वाचनावरचं संशोधन आवडीने वाचतो.

पॉल नेशन हे न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलेला आकडा असा की मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. २५० शब्दांचं पान धरलं तर पाच अनोळखी शब्द. दहा टक्के अनोळखी असतील तर पानावर पंचवीस, म्हणजे जवळपास प्रत्येक ओळीत एक खड्डा. अशा पानावर संदर्भावरून अंदाज बांध म्हणणं म्हणजे ज्या संदर्भाचाच पत्ता नाही त्यावरून अंदाज बांध म्हणणं. चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ मध्येच हा प्रश्न विचारला होता: परक्या भाषेतलं वाचन अडतं ते वाचन येत नाही म्हणून, की भाषा येत नाही म्हणून? खालच्या पातळ्यांवर बहुतेक वेळा भाषाच कमी पडते, असं मला स्वतःवरून वाटतं.

गोएथेच्या बी-वनच्या शब्दयादीत सुमारे २४०० नोंदी आहेत. आधी ते शब्द पक्के करा, युक्त्या नंतर. हा माझा अनुभव.

---

तगर

आकडेमोड, तुमच्याशी सत्तर टक्के सहमत. युक्तीने शब्दांची गरिबी झाकत नाही. म्हणूनच नवी पद्धत शिकवताना मी मजकूर मुद्दाम सोपा घेते, ए-टूचा, म्हणजे बी-वनच्या खालच्या पातळीचा. अवघड मजकूर आणि नवी पद्धत एकाच दिवशी दिली की मुलं दोन्ही सोडून मोबाइल काढतात.

पण शब्द 'माहीत असणं' म्हणजे काय, यावर मात्र थोडं थांबते. जर्मनमधले अर्धे राक्षस म्हणजे जोडशब्द. 'क्रांकनफेरझिशरुंग्सकार्टं' बघितलं की मुलांना घाम फुटतो. इथे मी त्यांना दहावीच्या व्याकरणाची आठवण देते. तत्पुरुष समास! दुसरं पद प्रधान. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो. मग जर्मन शब्द मागून वाच. शेवटी काय आहे? कार्टं, म्हणजे कार्ड. कशाचं? फेरझिशरुंग, विम्याचं. कसला विमा? क्रांकन, आजारपणाचा. आरोग्यविम्याचं कार्ड. लिंगही शेवटच्या पदाचंच लागतं. समास शिकलेल्या मराठी मुलाला हे पाच मिनिटांत समजतं, आणि एकदा समजलं की यादीत नसलेले कितीतरी शब्द त्याचे होतात.

तशीच दुसरी गोष्ट क्रियापदाची. 'एर ह्योर्ट मिट डेम राउखन आउफ.' एका मुलाने अर्थ केला, "तो धूम्रपान ऐकतो." ह्योरन म्हणजे ऐकणे हे त्याला पक्कं येत होतं. वाक्याच्या टोकाला एकटा उभा असलेला 'आउफ' त्याने सोडून दिला. तो जोडला की क्रियापद 'आउफह्योरन', म्हणजे थांबवणे, होतं. तो सिगारेट सोडतोय. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: "मी उद्या तुझ्याकडे येणार असं कधीच म्हणालो नव्हतो." 'नव्हतो' झाकून वाचायला लावलं. सगळा अर्थ उलटा! मराठी वाचक शेवटच्या शब्दापर्यंत निकाल देत नाही, ही सवय आपल्या हाडात आहे. इंग्रजीतून जर्मन शिकल्यामुळे ती सवय आपण वापरत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. शब्द वाढवायलाच हवेत, पण २४०० शब्द पाठ असलेला मुलगाही 'धूम्रपान ऐकतो' असं वाचू शकतो.

---

पारिजात_ओसाका

काय सुंदर चर्चा चालू आहे! मी आधी पुण्यात जपानी शिकवायचे, आता इथे राहून ऑनलाइन शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी मराठी, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेतल्या एन-थ्री पातळीची तयारी करणारे. त्यात व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटं असतात, आणि एकूण १८० पैकी ९५ मिळाले तरी वाचनाच्या विभागात किमान १९ नसतील तर नापास. त्यामुळे वाचन टाळून पुढे जाता येत नाही.

तगरताईंनी क्रियापदाचं लिहिलं ते जपानीला दुप्पट लागू आहे. 'किनो कात्ता होन', म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. क्रम जसाच्या तसा मराठी! इंग्रजीतून अर्थ लावणारा विद्यार्थी आधी पुस्तकाकडे जातो आणि मग उलटा मागे येतो. मराठीतून वाचणारा सरळ वाचत जातो. मी पहिल्या दिवसापासून सांगते, मनात अर्थ लावायचाच असेल तर मराठीत लावा.

कांजीचं, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचं, एक उदाहरण. ज्या अक्षराच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसतात, त्याचा पाण्याशी किंवा पातळ पदार्थाशी काहीतरी संबंध असायची शक्यता मोठी: समुद्र, सरोवर, पोहणे, धुणे, मद्य. उच्चार येत नसला तरी वाचताना तेवढा धागा पुष्कळदा पुरतो. मुलं उच्चार येत नाही म्हणून अडून बसतात. परीक्षेत तुम्हाला मोठ्याने वाचायचं नाहीये, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एन-थ्रीत हमखास येणारा प्रश्न: 'सोरे', म्हणजे 'ते', असं जे म्हटलंय ते कशाला उद्देशून? मी प्रत्येक 'सोरे'पासून मागे बाण काढायला लावते. बाण जिथे पोचेल ते शब्द 'सोरे'च्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचायचं, अर्थ बसला तरच उत्तर. आणि एक बारकावा, ज्यात मराठी मुलं सहज जिंकतात. जपानी लेखक आपलं मत '...देवा नाइ देश्यो का' असं संपवतो. शब्दशः 'नाही का?' इतर अनेकांना तो नकार वाटतो. आपण मात्र घरात रोज म्हणतो, "हे चुकीचंच नाही का?" तो नकार नसतो, मत असतं. हे एकदा दाखवलं की लेखकाचं म्हणणं काय या प्रश्नाला माझी मुलं चुकत नाहीत.

---

शिवार

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवतो, सोलापूर जिल्ह्यात. वरच्या प्रतिसादांत परीक्षांचे मोठे विद्यार्थी आहेत, माझी पोरं बारा वर्षांची. पण दुखणं तेच.

माझी पोरं धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं बिनचूक लिहितात आणि धडा कळलेला नसतो. हे माझं मलाच पटेना म्हणून एक दिवस फळ्यावर लिहिलं: "काल खिरपटाने टुमणीला भुंदरलं. टुमणीला कोणी भुंदरलं?" सगळा वर्ग ओरडला, "खिरपटाने!" "केव्हा?" "काल!" मग विचारलं, भुंदरलं म्हणजे काय केलं? वर्ग शांत. एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, आम्ही इंग्रजीत असंच करतो." त्या एका वाक्याने मी शिकवायची पद्धत बदलली.

१९८४ मध्ये अमेरिकेत पॅलिन्सार आणि ब्राउन या दोघींनी सातवीच्या अशाच मुलांवर काम केलं. त्या मुलांना अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. त्यांनी चार कामं दिली: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं, मजकुरावर स्वतः प्रश्न काढणं, अडलेल्या जागेचा उलगडा करणं, थोडक्यात सांगणं. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुलं पाळीपाळीने शिक्षक होतात. मी चौघांचे गट केले. चार पुठ्ठ्याच्या पट्ट्या: अंदाजवाला, प्रश्नवाला, उलगडावाला, सारांशवाला. परिच्छेद इंग्रजी, बोलणं मराठी. दर परिच्छेदाला पट्ट्या फिरतात.

पहिले तीन आठवडे नुसता गोंधळ. प्रश्नवाला कायम विचारायचा, "ह्या शब्दाचा अर्थ काय?" आणि 'का' हा प्रश्न कोणालाच सुचेना. मग मी नियम केला, प्रश्नात 'का' किंवा 'कसं' यायलाच हवं. आणि हुशार पोरं सारांशाची पट्टी सोडायला तयार नव्हती, ती फिरवणं सक्तीचं केलं. उलगड्याचं काम मी मुद्दाम कच्च्या पोरांना आधी देतो, कारण कुठे अडलंय हे तीच सगळ्यांत खरं सांगतात. बाकीची कळल्याचं सोंग करतात.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू देता म्हणून माझ्यावर नाराजी झाली, ती सोसली. पोराला इंग्रजी परिच्छेद कळला की नाही हे मला त्याच्या मराठीतूनच कळतं. त्याच्या इंग्रजीतून मला फक्त त्याचं इंग्रजी कळतं.

---

आकडेमोड

शिवारसर, टुमणीचं उदाहरण अफाट आहे. आणि शेवटचं वाक्यही. माझं मत थोडं बदलतंय, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

जाता जाता भर घालतो. ढीगभर सोपं वाचण्याबद्दल फिजीमधला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, एली आणि मंगुभाई यांचा, १९८३ मध्ये छापून आलेला. खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीची २५० चित्रमय गोष्टींची पुस्तकं दिली. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या मानाने त्या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती जवळपास दुप्पट वेगाने झाली. शब्द आणि सवय दोन्ही तिथून येतात. गोष्टी वाचल्या, बस्स.

---

शिवार

अडीचशे पुस्तकं! माझ्या शाळेच्या कपाटात इंग्रजी गोष्टींची सतरा आहेत, त्यातली चार फाटकी. तरी सांगतो, त्या सतरांतली एक माकडाची गोष्ट पोरांनी इतकी वाचली की तिचा कणा मी तीनदा चिकटवला. तिच्यातलं इंग्रजी पोरं खेळताना वापरतात.

---

समुद्रपक्षी

मी उत्तर अमेरिकेतल्या एका मराठी शाळेत रविवारी शिकवते. आमच्याकडे गंगा उलटी आहे: मराठी हीच मुलांची वाचनातली परकी भाषा. घरी आजीशी बोलतात, 'मला भूक लागली' म्हणतात, देवनागरी तर दोन वर्षांत सुरेख वाचायला लागतात. धडा खडाखडा वाचतील, काना-मात्रा न चुकता. काय वाचलं विचारलं की खांदे उडवतात.

कारण पुस्तकातली मराठी त्यांच्या आजीची मराठी नाही. 'परंतु', 'त्यामुळे', 'तो म्हणाला असता' हे त्यांच्या कानावरच पडलेलं नसतं. गॉफ आणि टनमर यांची १९८६ मधली मांडणी मला इथे फार उपयोगी पडली: वाचून समजणं म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य तर सगळं शून्य.

आता मी धडा आधी तोंडी सांगते, गोष्टीसारखा, पुस्तकातलेच 'परंतु'सारखे वाक्यं जोडणारे शब्द वापरून. मुलं मध्ये मध्ये विचारतात, हसतात. मग पुस्तक उघडायचं. आधी कानाने भेटलेला 'परंतु' डोळ्याला परका वाटत नाही. गेल्या रविवारी नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्यावर रागावून म्हणाला, "तू गोष्टीत सांगितलं नव्हतं की कोल्हा खोटं बोलत होता!" ते धड्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने वाचून ओळखलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं.

---

नवखा_जर्मन

सगळं वाचून काढलं. एक साधा प्रश्न. मोबाइलचा कॅमेरा मजकुरावर धरला की लगेच भाषांतर दिसतं. मी रोज तसंच वाचतो. हे वाईट आहे का? तगर मॅडम, काय करावं?

---

तगर

समुद्रपक्षी, कोल्ह्याचा किस्सा वाचून डोळ्यांत पाणी आलं.

नवखा_जर्मन, जर्मनीत औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचताना कॅमेरा जरूर धर. पण शिकताना तो धरलास तर तू मराठी किंवा इंग्रजी वाचतोस, जर्मन नाही. माझ्या वर्गातला नियम सांगते. पहिलं वाचन मोबाइल पालथा ठेवून, हातात फक्त पेन. न कळलेल्या शब्दांखाली टिंब द्यायचं आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. मग प्रत्येकाला पाचच शब्द बघायची मुभा, आणि ते पाच कुठले हे आधी ठरवून सांगायचं. खरी मेहनत या निवडीत आहे. दोन-तीनदा आलेला शब्द घ्यावा, मथळ्यातला घ्यावा, 'मात्र'नंतरच्या वाक्यातलं क्रियापद घ्यावं. शोभेचं विशेषण सोडून द्यावं. सुरुवातीला मुलं चुकीचे पाच निवडतात आणि चरफडतात. महिनाभरात तीनच पुरतात.

रोजच्या सरावाला डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओचं 'नाखरिष्टनलाइष्ट' बघ, सोप्या जर्मनमधल्या बातम्या. जी बातमी तू आदल्या दिवशी मराठी पेपरात वाचली आहेस तीच तिथे शोध. विषय माहीत असला की निम्मं काम झालेलं असतं.

त्यावरूनच परवाच्या शनिवारचं सांगायचं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाणारी मुलं वर्गात आहेत म्हणून मी तिकडच्या इमारतीतल्या सूचनेच्या धर्तीवर एक मजकूर तयार केला: 'केअरवोखं'. 'केअरन' म्हणजे झाडणे आणि 'वोखं' म्हणजे आठवडा हे सगळ्यांना येत होतं. अनोळखी शब्द एकही नव्हता. आकडेमोड, तुमच्या हिशेबाने शंभर टक्के! तरी अर्थ आला, "स्वच्छता सप्ताह". सरकारी कार्यक्रम असणार, पाहुणे येणार, फोटो निघणार. ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती, तीच त्यांनी मजकुरात भरली.

मी चूक म्हटलं नाही. शिवारसरांचं वाचून पट्ट्या बनवल्या होत्या, त्या वाटल्या. दुसऱ्या परिच्छेदात होतं की रविवारी संध्याकाळी पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवावी. एका नर्सकडे उलगड्याची पट्टी होती. ती म्हणाली, "सप्ताह सगळ्यांचा असेल तर पाटी एकाच्याच दाराला का?" पाचेक मिनिटं वाद झाला, सगळा मराठीत. मग इलेक्ट्रिशियन मुलगा म्हणाला, "अरे, ही पाळी आहे! मंडळात आरतीची पाळी असते ना, तशी जिना झाडायची पाळी. या आठवड्यात ज्याची, त्याच्या दाराला पाटी." मग त्यांनी पहिला परिच्छेद पुन्हा वाचला आणि सगळी वाक्यं जागेवर बसली. पायऱ्या, तळघराची वाट, हिवाळ्यात दारापुढचं बर्फ काढणं. "मॅडम, म्हणजे झाडून घ्यायचं आपल्यालाच!" असं म्हणत एकाने डोक्याला हात लावला.

त्या दिवशी मी पुढचा पेपर सोडवून घेतला नाही. सगळा तास त्या अठरा ओळींवर गेला, आणि मला तो वाया गेला असं वाटत नाही.

---

कृष्णाकाठ

ताई, माझी गोष्ट वर्गात खुशाल सांगा. आणि ती केअरवोखंची सूचना मला मिळेल का? आमच्या हॉस्टेलवर आम्ही चौघी बी-टूची तयारी करतोय. चार पट्ट्या, चार जणी, बरोबर जमेल. रात्रपाळी संपली की बसू.

---

तगर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. उत्तरं मुद्दाम पाठवली नाहीत. चौघींनी काय अर्थ लावला ते इथे लिही.